आत्तींनी पसंत केलेलं घर

आत्ती तिसऱ्या बेडरूमच्या दाराशीच थांबल्या. आत पाऊल न टाकता त्यांनी मान लांब करून इकडून तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“न्हाई म्हणजे? आत तर या. खिडकीतून केवढी झाडी दिसते बघा.”

“झाडी बघून पोट भरतंय व्हय? चल खाली.”

पुष्पवल्ली, म्हणजे आमची घरं दाखवणारी एजंट, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण ‘न्हाई’ हा शब्द एव्हाना चांगला कळायला लागला होता. ती माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाली, “अम्माला स्विमिंग पूल दाखवू का? लहान मुलांसाठी वेगळा आहे. हे कॉम्प्लेक्स एकदम फॅमिली-फ्रेंडली आहे.”

‘फॅमिली-फ्रेंडली’ हे तिचं पालुपद होतं. प्रत्येक इमारतीच्या गेटातून आत शिरताना ती ते म्हणायची, आणि प्रत्येक इमारतीतून आत्ती न्हाई म्हणून बाहेर पडायच्या.

ही क्वालालंपूरची गोष्ट. मी रबराच्या हातमोज्यांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून नुकतीच रुजू झाले होते. डॉक्टर लोक घालतात ते हातमोजे. त्याआधी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत हेच काम करायचे. माझा नवरा भरतेश जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही, हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. आमची मैत्रेयी, आमची मैतू, तो गेला तेव्हा चार वर्षांची होती. त्यानंतर आम्ही निपाणीला सासरीच राहत होतो.

मलेशियाची नोकरी आली तेव्हा सगळ्यांनीच मला वेड्यात काढलं. एकटी बाई, परका मुलूख, लहान पोर. साताऱ्याहून माझी आई फोनवर रडली. निपाणीला माझे धाकटे दीर श्रेणिक म्हणाले, “वहिनी, इथं काय कमी आहे?” राहता राहिल्या आत्ती. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आठवडाभराने भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “तू जा. मी येतो तुझ्याबरोबर.” निपाणीकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, मी येतो, मी जातो.

आणि त्या खरंच आल्या. एका बॅगेत साड्या, दुसरीत ज्वारीचं पीठ, चटण्या आणि कपड्यात गुंडाळलेली भगवान महावीरांची छोटी मूर्ती घेऊन.

कंपनीनं आम्हाला सुरुवातीला हॉटेलसारख्या एका सदनिकेत ठेवलं होतं. मैतूची शाळा सुरू व्हायच्या आत स्वतःचं घर भाड्यानं घ्यायचं होतं. मला वाटलं होतं, हे काम सोपं आहे. तीन बेडरूम पाहिजेत, एक माझी, एक मैतूची, एक आत्तींची. खाली खेळायला जागा पाहिजे, आणि कारखान्यापासून फार लांब नको. अशी घरं त्या शहरात ढिगानं होती.

पण आत्तींची घर बघायची रीत वेगळीच होती. पुष्पवल्ली मला जिम, पार्टी हॉल, सुरक्षेचे कॅमेरे दाखवत असायची तोवर आत्ती लिफ्टनं खाली जाऊन खेळाच्या जागेजवळ बाकावर बसायच्या. पदर खांद्यावरून घेऊन, हात मांडीवर ठेवून, बाजारात म्हैस पारखायला बसल्यासारख्या. मैतू घसरगुंडीवर. मी खाली गेले की प्रश्न सुरू.

“ह्या पोरांच्या आया कुठं हायत?”

“कामाला असतील आत्ती. पोरांबरोबर मावश्या आहेत की.”

“मावश्या फोनात बघत बसल्यात. आपली पोरगी मगाशी पडली. कुणी मान वर केली न्हाई.”

“लागलं का तिला?”

“न्हाई लागलं. पण कुणी बघितलं न्हाई ते न्हाईच.” मग थोड्या वेळानं, “शाळेची गाडी आत येती का गेटावर थांबती?”

“गेटावर.”

“मग गेटापासनं दारापर्यंत पोरगी कुणाला दिसती?”

“सगळीकडे कॅमेरे आहेत आत्ती.”

“कॅमेरा उचलून घेतोय व्हय?” आणि त्या बाकावरून उठायच्या. झालं ते घर.

मला एवढंच वाटायचं की आत्तींना करमणार नाही याची त्यांना धास्ती आहे. दिवसभर मी कामाला, मैतू शाळेत. त्यांना मराठी आणि कन्नड सोडून भाषा येत नाही. उंच मनोऱ्यात बंद दारामागे त्या करणार काय? मग मी कामाच्या जागी चौकशी केली आणि असं एक कॉम्प्लेक्स शोधून काढलं जिथं बरीच भारतीय कुटुंबं होती, मराठीसुद्धा. गुरुवारी भजन, गणपतीत पाच दिवस मंडप. मला स्वतःचाच अभिमान वाटला. जाताना गाडीत मी मुद्दाम काही सांगितलं नाही.

खाली बागेतच केतकर काकू भेटल्या. पुण्याच्या. मुलाकडे राहायला आलेल्या. आत्तींच्या वयाच्या, गोऱ्या, हसऱ्या. मराठी ऐकून त्या जवळजवळ धावतच आल्या. दोघी बाकावर बसल्या आणि मी देवाचे आभार मानत वरचं घर बघायला गेले. घर सुरेख होतं. तीन बेडरूम, हवेशीर स्वयंपाकघर. मी पुष्पवल्लीला म्हणाले, “हेच नक्की कर.”

खाली आले तर केतकर काकूंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. “सांगितलं हो तुझ्या सासूबाईंनी. एवढ्या लहान वयात! बिचारी गं. काळजी करू नकोस, आम्ही सगळ्या आहोत. संध्याकाळी सगळ्यांशी ओळख करून देते तुझी.” तेवढ्यात लिफ्टमधून आणखी दोघीजणी उतरल्या, तर त्यांनाही हाक मारून म्हणाल्या, “अगं, ही विभा. हिचे मिस्टर...” आणि पुढचं हळू आवाजात.

त्या दोघींनीही माझ्याकडे तशाच नजरेनं पाहिलं. वाईट काही नव्हतं त्यात. माया होती.

गाडीत बसल्यावर मी मागे वळून विचारलं, “मग? आवडलं ना?”

“न्हाई.”

मला राग आवरेना. “आत्ती, आता तुम्हाला पाहिजे तरी काय? मराठी माणसं आहेत, भजन आहे, बोलायला बायका आहेत. मी हे तुमच्यासाठी शोधलं!”

“माझ्यासाठी कशाला शोधलंस?” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “ती बाई वाईट न्हाई. चांगली हाय. पण हितं राहिलीस तर तू रोज लिफ्टमधनं बिचारी होऊन वर जाशील, आणि बिचारी होऊन खाली येशील.”

मी पुढे तोंड करून बसले. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून राग जातो असं नाही.

पुष्पवल्लीनं आरशातून एकदा माझ्याकडे, एकदा आत्तींकडे पाहिलं. ती तमिळ. तिची पणजी रबराच्या मळ्यावर कामाला म्हणून या देशात आलेली. आत्तींच्या कन्नडमधले आणि तिच्या तमिळमधले काही शब्द जवळचे निघाले होते. दुधाला आत्ती हालु म्हणायच्या, ती पाल म्हणायची. ये म्हणायला यांचं बा, तिचं वा. अशा शेंगदाण्याएवढ्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर त्या दोघी माझ्या पाठीमागं बऱ्याच गप्पा मारायच्या. मला त्याचं कौतुक वाटायचं. त्या काय बोलतात हे मात्र मी कधी विचारलं नाही.

“एक आहे,” पुष्पवल्ली त्या दिवशी चाचरत म्हणाली. “पण ते तुम्हाला आवडणार नाही. जुनं आहे. आणि दोनच बेडरूम आहेत.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही ते बघायला गेलो.

सुबांग या उपनगराच्या बाजूला, चार मजल्यांच्या जुन्या इमारती. रंगाचे पोपडे निघालेले. लिफ्ट नाही. मधे एक मोकळं अंगण, त्यात आंब्याचं एक झाड आणि पोरांचा गलका. सज्ज्यांवर कपडे वाळत घातलेले. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढतानाच वाळवलेल्या कोळंबीचा असा उग्र वास आला, की मी नाकाला रुमाल लावला. आम्ही जैन. घरात अंड्याचं नाव निघत नाही. मी मनात म्हटलं, चला, इथून तर आत्ती दारातूनच माघारी फिरणार.

घराच्या समोरच, चार हातांवर, दुसरं दार होतं. त्याची लोखंडी जाळी सताड उघडी होती आणि दारात चपलांचा ढीग. आतून डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, चाळिशीची, ठेंगणी बाई बाहेर आली. हातात ओला झारा. वास तिच्याच स्वयंपाकघरातला होता. पुष्पवल्लीनं ओळख करून दिली. ही रोहाणी. इथं सगळे तिला काक रोहाणी म्हणतात, म्हणजे रोहाणीताई. प्राथमिक शाळेत शिकवते, दुपारी घरी येते. तीन मुलं. नवरा बंदरावर कामाला.

रोहाणीनं वाकून आत्तींच्या हाताला हात लावला, मग आपला हात छातीवर ठेवला. आत्तींनी तिच्याकडे आपल्या पद्धतीनं, वरपासून खालपर्यंत, पाहून घेतलं.

मी पुष्पवल्लीबरोबर आत गेले. दोन लहान बेडरूम, जुन्या फरशा, स्वयंपाकघरात एकच खिडकी. मला पाच मिनिटं पुरली. बाहेर येऊन बघते तर आत्तीही नाहीत आणि मैतूही नाही. खाली अंगणात धावत गेले. तिथं मैतू रोहाणीच्या मुलींबरोबर अनवाणी पळत होती, आणि वरच्या सज्ज्यांतून दोन-तीन बायका तिच्याकडे बोट दाखवून, ही कुणाची नवी, असं एकमेकींना विचारत होत्या. एका चिनी आजोबांनी तिला हाताला धरून सायकलीच्या वाटेतून बाजूला केलं आणि काहीतरी दटावलं. मैतूनं मान डोलावली, जणू तिला चिनी कळत होतं.

आत्ती रोहाणीच्या घरात होत्या. पुष्पवल्ली त्यांना शोधायला समोर गेली ती तिथंच अडकली. मी पोचले तेव्हा तिघी उभ्यानंच बोलत होत्या. आत्तींचे हात हवेत होते. मला बघून त्यांनी हात खाली घेतले.

“हे घे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हे घर. हे घे. नक्की कर.”

“आत्ती, वास बघितलात का? आणि दोनच खोल्या आहेत. तुम्ही झोपणार कुठं?”

“मी कुठंबी झोपतो. मला काय राजवाडा लागतोय? ह्या बाईला हो म्हणून सांग.”

इतक्या घरांना न्हाई म्हणून झाल्यावर हे हो आलं होतं. मी दमले होते. शाळा तोंडावर आली होती. घरमालकाला विचारून कळव, एवढं पुष्पवल्लीला सांगून आम्ही परत आलो.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. समोर पाण्यानं भरलेले हातमोजे रांगेनं टांगलेले होते. कुठं गळती आहे का ते असंच बघतात.

“मालक तयार आहे,” पुष्पवल्ली म्हणाली. “फक्त किती माणसं राहणार ते त्याला लिहून हवंय. मी दोन सांगितलं. तू आणि मुलगी. बरोबर ना?”

“तीन. अम्मा राहिली की.”

“हो, पण अम्मा थोडेच दिवस ना. ती गेल्यावर दोनच.”

“गेल्यावर? कुठं गेल्यावर?”

मग पुष्पवल्ली जरा गोंधळून म्हणाली, “तुला माहीत नाही? मला वाटलं तुमचं ठरलंय. अम्मा पहिल्या दिवसापासून मला सांगतेय. मुलीची शाळा लागली, घर लागलं, की मी विमानानं परत जाणार. म्हणून तर ती असं घर शोधत होती. शनिवारी तिनं रोहाणीला सगळं विचारून घेतलं. ही बाई कामाला जाईल, मुलगी शाळेतून येईल, तेव्हा तू बघशील का? आजारी पडली तर? रात्री उशीर झाला तर? रोहाणी हो म्हणाली. मग अम्मानं तिचे दोन्ही हात धरले. मला तिचे सगळे शब्द कळले नाहीत, पण तेवढं कळलं आम्हाला.”

त्या दिवशी मी लवकर निघाले.

घरी आले तेव्हा मैतू टीव्हीसमोर कार्टून बघत होती. आत्ती ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“तुम्ही परत जाणार आहात?”

त्यांचा हात थांबला, पण त्या वळल्या नाहीत. “त्या पुष्पीनं सांगितलं व्हय? पोटात काय ऱ्हात न्हाई तिच्या.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू घर बघितलं नसतंस. तू माझ्यासाठी तिसरी खोली शोधत बसली असतीस. बसलीसच की.”

“मग काय चुकलं त्यात?”

“चुकलं न्हाई.” त्यांनी सुरी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे वळल्या. “बस.”

मी बसले नाही.

“विभा, तू चाळिशीचीबी न्हाईस अजून. हितं तुला कोण वळखत न्हाई. लई चांगलं हाय ते. उद्या तुझ्या दारात कुणी माणूस यायचा झाला, तर दारात कोण बसलेलं असंल? मी. मेलेल्या नवऱ्याची आई. कोण पाऊल ठेवंल आत?”

“मला कुणी नको आहे.”

“आज नको असंल. मी आजचं बोलत न्हाई.” पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. “आणि ते बी सोड. परवा तू फोनवर मैत्रिणीशी बोलत हुतीस. केवढ्यांदा हसत हुतीस गं! मी आतल्या खोलीत हुतो. मला इतकं बरं वाटलं, मी बघायला म्हणून बाहेर आलो. आणि मला बघितल्या बघितल्या तू हसायची थांबलीस. चेहरा असा केलास.” त्यांनी तोंडावरून हात फिरवून दाखवला. “निपाणीत बी तसंच. दोन वर्सं मी बघतोय. मी समोर आलो की तू विधवा हुतीस. मी नसलो की तू विभा असतीस. मग मी समोर कशाला राहू?”

कार्टूनचा आवाज येत होता. मला राग आला होता, खरंच राग.

“आणि तुम्ही?” मी म्हणाले. “तुम्ही टीव्हीवर ते विनोदी नाटक बघत असता आणि मी आले की आवाज कमी करता. मला दिसत नाही का? निपाणीत शेजारच्या पमाताईंबरोबर गच्चीवर पापड वाळवताना खिदळत असता, आणि मी वर आले की पापड मोजायला लागता.”

आत्ती हळूच म्हणाल्या, “मला वाटायचं, तू म्हणशील, पोरगा गेला आणि ही हसतीया.”

“आणि मला वाटायचं, तुम्ही म्हणाल, नवरा गेला आणि ही हसतेय.”

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी खुर्ची ओढून बसले. आत्तीही बसल्या. मग त्याच एकदम म्हणाल्या, “परवा त्या रोहाणीच्या घरात कसला वास हुता!”

“मी तेच तर म्हणत होते. तुम्हाला कसं चालेल?”

“मला नवा न्हाई तसला वास. भरतेश आम्लेट खाऊन यायचा की.”

मी ताडकन सरळ बसले. आम्लेट ही माझी आणि भरतेशची सगळ्यात मोठी चोरी होती. निपाणीला गेलो की तो संध्याकाळी तंबाखूच्या गोदामावर जाऊन येतो सांगून निघायचा आणि स्टँडजवळच्या गाडीवर आम्लेट-पाव खाऊन यायचा. मी घरी आत्तींना गुंतवून ठेवायचे. शपथ घेतल्यासारखं आम्ही ते सांभाळलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कॉलेजात असल्यापासनं ठाव हाय. येताना बडीशेप खाऊन यायचा. इतकी, की बोलायला तोंड उघडलं की लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटायचं.” आत्तींचा चेहरा सरळ होता. “एकदा त्याच्याजवळची बडीशेप संपली हुती. उदबत्ती खाल्ली म्हाराजांनी.”

“काय?”

“देवघरातनं. तुकडा मोडला आणि चावला. मी दाराआड उभी. थुंकतोय, आणि परत चावतोय. मग मलाच दया आली. दुसऱ्या दिवशी त्याच्या सदऱ्याच्या खिशात मी बडीशेपेची पुडी ठिवली. त्याला वाटलं तू ठिवलीस.”

मला आठवलं. भरतेशनं एकदा माझ्या कानाशी लागून म्हटलं होतं, पुडीबद्दल थँक्यू. मला काही कळलं नव्हतं.

मी हसायला लागले. सवयीनं तोंडावर हात गेला, पण आत्तींनी तो हात धरून खाली ओढला. त्याही हसत होत्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. मी टेबलावर डोकं टेकलं. थोडा वेळ आम्ही हसतोय की रडतोय हे आमचं आम्हालाच सांगता आलं नसतं. मैतू धावत आली.

“काय झालं? आई, आजी, काय झालं?”

“तुझ्या बाबानं उदबत्ती खाल्ली,” आत्ती म्हणाल्या.

मैतूनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन वर्षांत बाबाचं नाव असं, हसत, आमच्यात कुणी घेतलं नव्हतं. “का?” तिनं विचारलं. आणि आम्ही पुन्हा सुरू झालो.

भाजी त्या दिवशी तशीच चिरलेली राहिली. मैतूला दूधपोहे दिले. तिला निजवून आल्यावर मी आत्तींना सांगितलं, “ते घर घेऊ. तुम्ही म्हणता म्हणून नाही, मलाही पटलं म्हणून. मैतू माझ्याजवळ झोपेल. दुसरी खोली तुमची. जायचं तर जा, तुमचं निपाणी आहे, श्रेणिकभाऊजी आहेत. पण माझ्या दारात कोण येईल न येईल, त्याच्यासाठी जाऊ नका.”

आत्तींनी ओट्यावरची चिरलेली भाजी झाकून ठेवली. मग म्हणाल्या, “दिवाळीपातूर राहतो.”

कुठली दिवाळी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या सात वर्षं राहिल्या. मधे मधे निपाणीला जाऊन यायच्या. मैतू त्या अंगणातच मोठी झाली. शाळेतून आली की ती आधी रोहाणीच्या दारात दप्तर टाकायची, मग आमच्या. आत्ती रोहाणीकडून मलय, म्हणजे इथली भाषा, बोलायला शिकल्या, निपाणीच्या हेलात, पण माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मला अजूनही भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही. त्या करायच्या, आणि वर कोथिंबीर मागून घ्यायच्या.

चौथ्या वर्षी एका रविवारी शशिधरन पहिल्यांदा आमच्या घरी आला. आमच्याच कारखान्यात यंत्रं बघायचा. मूळचा केरळचा, मलयाळी, पण जन्म इथलाच. उंच, बोलायला संथ, स्वतःच्याच विनोदाला सगळ्यात आधी हसणारा. माझं पुढं त्याच्याशी लग्न झालं, पण त्या रविवारी तसं काही ठरलेलं नव्हतं. आमच्यात काही आहे की नाही हेसुद्धा आम्हाला धड माहीत नव्हतं. मी त्याला फक्त चहाला बोलावलं होतं.

दार आत्तींनीच उघडलं. त्यांनी त्याला आपल्या पद्धतीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आतून बघत होते. मग त्या त्याच्याशी मलयमध्ये बोलायला लागल्या. तो चकित झाला, मग रंगला. दोघं इतक्या भरभर बोलत होते की मला निम्मंही कळेना. मधेच दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

“काय सांगताय त्याला?” मी मराठीत विचारलं.

“कुठं काय? तू चहात साखर जास्ती घालतीस तेवढंच सांगितलं.”

आत्तींनी त्याला पोहे दिले, चहा दिला. मग मैतूला हाक मारली. “चल गं, आपण समोर जाऊ. रोहाणीनं बोलावलंय.” रोहाणीनं बोलावलं नव्हतं, हे मला माहीत होतं. जाताना त्या शशीला मलयमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्यानं उठून मान झुकवली.

आम्ही बोलत बसलो. कशाबद्दल ते आता सांगायलाही हसू येईल, अगदी साध्या गोष्टी, त्याची शाळा, माझं गाव. मी त्याला भरतेशबद्दल सांगितलं. त्यानं मधे एकदाही अरेरे म्हटलं नाही. भिंतीपलीकडून मैतूचा आणि रोहाणीच्या मुलींचा दंगा ऐकू येत होता, आणि मधूनच आत्तींचा आवाज.

आत्ती सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हापासूनचा त्यांचा नेम आहे. आजारपणातसुद्धा त्यांनी तो मोडल्याचं मी पाहिलं नाही. रोहाणीच्या घरी त्या पाण्याशिवाय काही घेत नसत. आमच्या ओट्यावर त्यांची आमटी आणि भाकरी झाकून ठेवलेली होती.

शशी निघाला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मला एकदम लक्षात आलं आणि मी समोर धावले. “आत्ती! तुमचं जेवण!”

“व्हय गं,” त्या सोफ्यावरून उठत म्हणाल्या, “रोहाणीशी बोलता बोलता ध्यानातच न्हाई आलं बघ. कधी मावळला कुणास ठाऊक.”

त्या उपाशीच झोपल्या त्या दिवशी. रोहाणीच्या बैठकीची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, आणि आत्ती तिच्यासमोरच बसल्या होत्या.